शिव्या कानडी होत्या

कुर्डुवाडीच्या धाकट्या काकांनी आपली तान्ही मुलगी सोलापूरच्या मूलबाळ नसलेल्या थोरल्या भावाच्या ओटीत घातली. ती मी. घरात हे गुपित नव्हतं. मी भांडले, आदळआपट केली की आई म्हणायची, "रक्तच त्या माणसाचं. आमी काय करणार?" तरुणपणी काकांनी रेल्वेच्या वर्कशॉपात कुणाचं तरी डोकं फोडलं होतं, एवढं मला माहीत होतं.

दुष्काळात गल्लीतल्या नळावर मी एका बाईची घागर लाथाडली. "हे आमचं वळण न्हवं," आईनं सगळ्या रांगेला सांगितलं. बायका मला रोग झाल्यासारखं माझ्याकडं बघायला लागल्या. घरी येऊन मी दंड खसाखसा घासले. रक्त आत असतं हे कळत असूनही.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मला वाटलं होतं, राक्षस भेटणार. काका हळू आवाजात बोलत, वाकून पाहुण्यांना पाणी देत फिरत होते.

मांडवात एका मुलीनं माझा गजरा ओढला. कमरेवर हात ठेवून मी किंचाळले, "हाळागि होग!" वाटोळं होवो तुझं. मग तसल्याच आणखी शिव्या, सगळ्या कानडीत.

त्या घरात कानडी कुणालाच येत नव्हतं. आई अक्कलकोटकडची, मराठी बोलायची, पण चिडायची कानडीत. एक म्हातारी आत्या हसत सुटली. "अगं, ही तर हुबेहूब सोलापूरची वैनी! हातबी तसाच ठेवलाय."

सगळे आईकडं वळले. तिनं मान खाली घातली. माझ्यावरचा आळ उतरला होता, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका मला बाजूला घेऊन गेले. माझे हात थरथरत होते. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "माझेबी असेच थरथरतात, पोरी. काखेत दाबून धरायचे. मग थांबतात."

परतीच्या गाडीत मोहोळ गेल्यावर आई खिडकीकडं बघत म्हणाली, "शिव्या माझ्याच हायत की." मला तिच्याकडं बघवेना.

त्यानंतर तिनं रक्ताचा विषय काढला नाही. पण राग आला की ती आधी माझ्याकडं बघायची आणि तोंडातला शब्द गिळून टाकायची. माझ्यामुळं ती स्वतःच्याच घरात जपून बोलायला लागली होती. तिचा तो गिळलेला शब्द दिसला की मी काहीतरी निमित्त काढून परसात निघून जायची.