हानबाईंचं हॉटेल बंद झालं नव्हतं

शुभदाला दुपारची झोप लागत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे जेवून सोफ्यावर टेकली की पाच मिनिटांत तिची मान कलते. आजही तेच होतंय. आतल्या खोलीत तिचे यजमान अच्युतराव क्रिकेट बघताहेत. त्या टीव्हीचा आवाज हळूहळू लांब जातो आणि मध्येच त्याची तव्यावरची चुरचुर होते.

समोर कोरियाहून आलेल्या हानबाईंचं हॉटेल. बाणेरच्या मागच्या गल्लीतलं, अर्धं जपानी, अर्धं कोरियन. टेबलाच्या मधोमध शेगडी, आणि पलीकडे तिच्या नणंदबाई, कुमुदवन्सं, चिमट्यानं कोंबडीचे तुकडे उलटताहेत. वन्संना जाऊन आठ महिने झालेत. शुभदाला ते ठाऊक आहे, पण आत्ता तोंडावर बोलून दाखवणं तिला बरं दिसत नाही.

"उशीर केलास," वन्सं म्हणतात.

"रिक्षा मिळेना."

"थापा मारू नकोस. बस."

आता या दोघींचं थोडं सांगायला हवं. कुमुदवन्संनी लग्न केलं नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आल्या. नकाशावर जपान-कोरिया हजारदा दाखवले असतील, पण गेल्या कुठवर? तर हानबाईंच्या हॉटेलपर्यंत. दर गुरुवारी दुपारी दोघी नणंद-भावजया तिकडे सटकायच्या. वन्संचा जीव एकाच पदार्थावर. सॅलडच्या पानात भात, भाजलेली कोंबडी, लसूण आणि लाल चटणी घालायची, विड्यासारखी पुडी बांधायची आणि अख्खी तोंडात कोंबायची. अर्धी चावायची नाही, असं हानबाईंनी बजावून ठेवलेलं. आणि हौस असेल तर आपल्या माणसाला आपल्या हातानं भरवायची. वन्सं एवढाल्या पुड्या बांधायच्या की शुभदाला दोन मिनिटं बोलता यायचं नाही. "तेवढीच शांतता," वन्सं म्हणायच्या आणि हानबाईंकडे बघून डोळा मारायच्या.

मग वन्संची मूत्रपिंडं बिघडली. मीठ बंद, पाणी मोजून. त्या एकच धोशा लावून बसल्या: एकदा हानबाईंकडे ने. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. शेवटी शुभदा वैतागली आणि म्हणाली, "वन्सं, ते हॉटेल बंद झालंय."

खोटं! धडधडीत खोटं! बरं, तेवढ्यावर तरी थांबावं? महिन्याभरानं, घरात बसून बसून जीव अगदी आंबला, तेव्हा शुभदाबाई औषधं आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि एकट्याच तिथं पोटभर जेवून आल्या. त्यानंतर बारा दिवसांनी वन्सं गेल्या.

धूर वाढतो. टेबलाचा आता दवाखान्यातला पलंग झालाय, पण शेगडी तशीच चादरीवर पेटलेली आहे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. सलाइनच्या बाटलीमागे भिंतभर जगाचा नकाशा लटकतोय.

"हे बंद झालंय ना गं?" वन्सं विचारतात.

"वन्सं, मी..."

"तुझ्या केसांना वास येत होता त्या दिवशी. धुराचा, लसणीचा. औषधांच्या दुकानात शेगडी नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? रडवेलं तोंड करून माझी उशी सारखी करत होतीस. म्हटलं, जेवली ना पोरगी, जेवू दे." वन्सं एक तुकडा उलटतात. "राग आला होता. चांगला तीन दिवस धरला. पुढे तो धरायचंही त्राण राहिलं नाही."

शुभदा खाली बघते. तिला वाटतं, संपलं, यापेक्षा वाईट आता काय ऐकायचंय?

"पण त्याच्या आधीचा महिना, शुभदा," वन्सं म्हणतात. "तो मी हानबाईंच्या काळजीत काढला. परका मुलुख, हॉटेल बुडालेलं, कुठं गेली असेल ती बाई? तिला कुणी मदत केली असेल का? स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून दिवसदिवस तेच घोकत पडले होते. तेवढं नको होतंस करायला."

हे काही शुभदाच्या कधी मनातच आलं नव्हतं. वन्संचं जेवण हुकलं म्हणून ती आठ महिने झुरली होती. आणि वन्सं तर जेवणाचं कधीच विसरून भलत्याच दुःखात जळत होत्या, तेही एका शब्दानं मिटलं असतं अशा दुःखात. तिला आत्ताच्या आत्ता "चुकले" म्हणायचंय, वन्संचे पाय धरायचेत.

"आ कर," वन्सं म्हणतात.

हातात पुडी, ही एवढी. शुभदा मान हलवते, आधी बोलू द्या म्हणून खूण करते, पण वन्सं कधी कुणाचं ऐकायच्या? पुडी तोंडात बसते. गाल फुगतात. शुभदा भराभरा चावते, पण घास संपतच नाही. पलंगाच्या जागी शाळेचा लांब व्हरांडा येतो. घंटा होते आणि वन्सं पर्स काखेला अडकवून तासाला निघतात.

"सावकाश गं. ठसका लागेल," त्या वळून म्हणतात, आणि नकाशा गुंडाळून चालू लागतात.

"चुकले हो, वन्सं!"

शुभदा ओरडतच उठून बसते. सोफा, पंखा, चारचं ऊन. दातांच्या फटीत काहीतरी टोचतंय. ती ते जिभेनं सोडवते आणि बोटावर घेते. पांढरा तीळ, खरपूस भाजलेला. हानबाई प्रत्येक ताटावर भुरभुरायच्या तसला. दुपारी वरणभात झाला होता, आणि घरात संक्रांतीपासून तिळाचा दाणा नाही.

"काय चुकलं?" अच्युतराव दारात उभे. "स्वप्न पडलं का?"

काही नाही, असं म्हणायला ती तोंड उघडते. मग बोट मिटून मूठ घट्ट आवळते.

"टीव्ही बंद करा आणि इथं बसा," ती म्हणते. "वन्संशी मी शेवटी खोटं बोलले होते."