दौलतरावांनी पाळलेलं ब्रह्मचर्य

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास जांभूळचे दौलतराव आमच्या बदलापूरच्या प्रयोगशाळेत माकडं सांभाळायचे. पिंजरे धुवायचे, केळी घालायची, असलंच काम. पण खाकी गणवेश चढवला की हा माणूस स्वतःला निम्मा डॉक्टर समजे आणि गावात तसाच मिरवे.

घरी बायको विठा आणि चार मुली. चौथ्या बाळंतपणात विठा मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाहीस, असं उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. पण दौलतरावांना मुलगा हवा होता. स्वतःच्या नसबंदीचं नाव काढलं की त्यांची मर्दानगी दुखावे, आणि विठाच्या ऑपरेशनला संमती द्यायलाही ते तयार नव्हते.

प्रयोगशाळेत तेव्हा गर्भ राहू नये म्हणून लस बनत होती. काही माकडिणींना ती टोचायची, काहींना नाही, आणि ठरल्या दिवसांत सगळ्यांच्या पिंजऱ्यात नर सोडायचा. नर सोडायचं काम दौलतरावांचं. कुमुदिनी मॅडम मोठ्या शास्त्रज्ञ, पण त्यांना पिंजऱ्यांचा वास सोसत नसे. त्या काचेच्या केबिनमधूनच विज्ञान करायच्या. टोचलेल्या एकीलाही दिवस गेले नाहीत म्हणून त्यांनी घाईघाईने पेढे वाटले. मग कळलं, न टोचलेल्याही सगळ्या रिकाम्याच.

चौकशीत दौलतराव छाती काढून म्हणाले, "मारुतीरायाची जात ती. तिचं ब्रह्मचर्य मी मोडू?"

नर त्यांनी कधी सोडलेच नव्हते. नोकरी त्याच दिवशी गेली. लाज वाटायची सोडून हा गृहस्थ गावच्या पारावर बसून आपलं पुण्य सांगत सुटला. अडाणीपणाची मला चीड नाही, पण असली सोयीची भक्ती पाहिली की अंगाचा तिळपापड होतो.

त्यांचा जेवणाचा डबा कामावर राहिला होता, तो द्यायला मी घरी गेलो. विठा ओटीवर तांदूळ पाखडत होती. पोट दिसू लागलं होतं. दौलतरावांनी मलाही तीच पुण्याची कथा सुरू केली, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"माकडिनींसाठी तुमी नेम पाळला," ती म्हणाली. "माझ्यासाठी बी पाळायचा व्हता."

दौलतरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, शरमले असतील. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "या टायमाला पोरगाच व्हनार, साहेब."