नववी प्रत

माझं कामच अविश्वासाचं आहे. कुणी काही लिहून आणलं की "हे कशावरून?" असं विचारायचा मला पगार मिळतो. भुताखेतांच्या, संकेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. आजही मानतो असं नाही. पण बारा वर्षं एक गोष्ट बायकोलासुद्धा सांगितलेली नाही... ती इथं लिहितो.

वाळूजच्या एका कंपनीत मी स्टँडर्ड्स विभागात आहे. इलेक्ट्रिक पॅनल कसं बसवायचं, दुरुस्तीला कसं उघडायचं, याची कलमवार पुस्तकं आम्ही काढतो. छापण्याआधी मसुद्याच्या आठ प्रती आठ विभागांना जातात. प्रत्येकीवर लाल शिक्का, नंबर, रजिस्टरला नोंद. लोक समासात सूचना लिहितात, प्रती परत येतात, मी एकेक सूचना तपासून मसुदा पक्का करतो. एक नियम कडक — बिनशिक्क्याच्या प्रतीवरची सूचना धरायची नाही.

त्या वर्षी कामगारांसाठी पहिल्यांदाच मराठी पुस्तक निघणार होतं. दुपारी तीनच्या सुमाराला शेखचाचांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रती वाटणं, गोळा करणं त्यांच्याकडे.

"साब, आठ दिये थे ना?"

"आठच."

"ये तो नौ हैं. कागज को बच्चा हुआ क्या?"

हसलो दोघंही. मोजल्या. नऊच. नववीवर शिक्का नाही, नंबर नाही. समास सगळे कोरे. फक्त एका कलमापाशी — 'मेन स्विच बंद करून झाकण उघडावे' — पेन्सिलीनं लिहिलेलं: "स्विच बंद केल्यावर थांबा. आत करंट राहतो. पाच मिनटं." त्यातलं 'पाच' खोडून वर 'दहा'. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, डावीकडं कललेलं. ओळ वर चढत गेलेली.

सूचना बरोबर होती. ते मला तेव्हाच कळलं होतं, हे आज कबूल करतो. नव्या पॅनलमधले कपॅसिटर स्विच बंद झाल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. पण नोंदवू कुणाच्या नावानं? मसुदा पुन्हा आठही ठिकाणी फिरवावा लागला असता, आणि छपाई तीन दिवसांवर. नियमावर बोट ठेवलं. प्रतीचे चार तुकडे करून रद्दीत टाकले.

पुस्तक निघालं. सहा महिन्यांनी कैलासनं ते समोर ठेवून पॅनल उघडलं. पाचोडकडचा, मेंटेनन्सला लागून जेमतेम दोन महिने झालेला. उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीत तो म्हणाला, "स्विच बंद करून चहा पिऊन आलो, साहेब. पाच मिनटं तरी झाली असतील."

मॅनेजरनी मला विचारलं, "या कलमावर कुणाची सूचना आली होती का?"

रजिस्टर समोर उघडं. आठ प्रती, आठ नोंदी. शेखचाचा दाराशी उभे होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

पुस्तकात नसलं तरी इलेक्ट्रिशियनला कळायला हवं होतं, असं ठरलं. कामगाराचा निष्काळजीपणा. कैलासची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी पुस्तकाची सुधारणा निघाली. नव्या मसुद्याची एक जास्तीची प्रत काढून, शिक्का न मारता, मी बजाजनगरला त्याच्या खोलीवर गेलो. गेलो होतो माफी मागायला.

"आज बरी कंपनीला आठवण झाली," त्याची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"गप की गं. साहेबानं काय केलंय?"

मी प्रत पुढं केली. म्हटलं, बघ, काही सुचतंय का. त्यानं लेकीच्या दप्तरातनं पेन्सिल काढली, डाव्या हातात धरली. "पोरीसंगट शिकतोय, साहेब. ती बी पहिलीत, मी बी पहिलीत." स्वतःच हसला. मग झाकण उघडायच्या कलमापाशी जीभ दातात धरून लिहायला लागला. वेळ लागत होता. 'पाच' लिहून थांबला.

"नाय. पाचात काय होतंय ते बघितलंय म्या." खोडून वर 'दहा' लिहिलं.

तेच शब्द. तेच कललेलं अक्षर, तशीच चढत गेलेली ओळ. खोडही तिथंच.

मी विचारलं, "हे पुस्तक छापायच्या आधी कधी पाहिलं होतंस?"

"कुठलं, साहेब? तवा तर मी गावाकडंच होतो. आन् तवा उजव्या हातानं लिवायचो."

ती आधीची नववी प्रत मी फाडलेली. रद्दी कधीच गेलेली. शेखचाचा रिटायर होऊन गावी गेले, विचारू कुणाला? बारा वर्षं मी ही गोष्ट मसुद्यासारखी तपासतोय. अक्षर ओळखण्यात चूक झाली असेल, आठवण मागाहून रंगली असेल... प्रत्येक शंकेपुढं "हे कशावरून?" लिहितो आणि उत्तराची जागा रिकामी राहते.

कैलासनं दिलेली प्रत मी रजिस्टरला नववी म्हणून चढवली. आता पुस्तकात 'दहा मिनिटे थांबावे' असं ठळक छापलेलं आहे. हात काही परत आला नाही, नोकरीही नाही.

त्या दिवशी निघताना तो दारापर्यंत आला होता. डाव्या हातानं कडी काढत म्हणाला, "पर साहेब, हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं का?"

बायको आतून ऐकत होती.

"नाही," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.