मास्तरांच्या घराची किल्ली

आश्विनात देवासच्या हवेला कापलेल्या सोयाबीनचा कोरडा, किंचित तुरट वास येतो; पीपलरावां गावाकडून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांबरोबर तो गल्लीत शिरतो आणि ऊन मऊ पिवळं होऊ लागलं की मला दसऱ्याची कामं दिसू लागतात. माझं माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्ही घरं कधीकाळी दरबारी चाकरीतली. चाकरी गेली, नोकऱ्या आल्या, शस्त्रपूजन मात्र सुटलं नाही. पाटावर तलवार, खंजीर आणि शेजारी माझ्या सासऱ्यांचं, आबासाहेबांचं शौर्यपदक. आपली फौज श्रीलंकेत गेली होती तेव्हा एका चकमकीत त्यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढून आणलं, एवढंच आम्हाला माहीत. पुढे विचारलं की ते रेडिओचा आवाज वाढवत.

पदक ते दरवर्षी स्वतः काढत. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे लोखंडी पेटी माझ्याकडे आली. फडक्यात पदकासोबत एक लांब पितळी किल्ली निघाली. जुन्या शस्त्रपेटीची असणार, असं मी परस्पर ठरवलं, चिंचेने घासून लखलखीत केली आणि हळदकुंकू लावून तलवारीशेजारी, पदकाला लागूनच मांडली. आगाऊपणा माझा जन्मजातच आहे.

आबासाहेब वॉकर टेकत आले आणि पाटाकडे पाहून खुर्चीत बसले.

"सूनबाई, ही कुणी ठेवली?"

"मी. चुकलं का?"

मग त्यांनी सांगितलं. तिथल्या एका शाळामास्तरांचं घर मोक्याच्या वळणावर होतं, म्हणून फौजेच्या ठाण्यासाठी रिकामं करवून घेतलं. मास्तरांनी अंगण झाडलं, कुलूप लावलं, किल्ली आबासाहेबांच्या हातात दिली आणि तुम्ही जाताना परत द्या, एवढंच म्हणाले. आठवड्याभरात तिथेच चकमक झाली. पदक त्या दिवसाचं. घरही त्याच दिवशी पडलं. मास्तर पुन्हा दिसले नाहीत.

"पदक घेताना ही खिशात होती," आबासाहेब म्हणाले. "द्यायची कुणाला?"

मला फार वाईट वाटलं; इतकी वर्षं मी पाहुण्यांना त्या पदकाची गोष्ट किती मिरवून सांगत आले होते. मी किल्ली उचलायला वाकले, तर त्यांनी हाताने थांबवलं. पूजेत मांडलेलं दिवस मावळेपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नेम.

दुपारनंतर सोनं द्यायला लोक येऊ लागले. पहिले आले ते शेजारचे राजेश भिया. नमस्कार करताना थबकले.

"बाबूजी, ये चाबी किसकी है?"

"शस्त्रपेटी की है, भिया," मी घाईने म्हणाले.

"नहीं." आबासाहेबांचा आवाज हजेरी दिल्यासारखा सपाट होता. "एक मास्टरसाब की है. उनके घर में हम घुसे थे."

हातातलं आपट्याचं पान राजेश भियांनी आबासाहेबांना न देता किल्लीपाशी ठेवलं. नंतर आलेल्यांनी ते पाहिलं, आणि आमच्याकडची रीतच असावी असं समजून सगळेच तिथे पानं ठेवत गेले. मी कुणाला अडवलं नाही. दिवस मावळेपर्यंत पदक पानांखाली पुरतं झाकून गेलं, आणि ते मोकळं करायला आबासाहेबांनी सांगितलं नाही.