डक्टमधून येणारा आवाज

चूक माझी होती, मुलीची नव्हती. क्लबहाउसमध्ये सगळ्यांसमोर हे एवढं बोलायला मी तोंड उघडलं नाही, म्हणून इथे आधी तेच लिहितो.

खारघरच्या आमच्या सोसायटीत मुलांनी हॅलोविनची पार्टी ठरवली आणि भीतीदायक गाणी निवडायचं काम माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे आलं. तिला एकाच छापाचं काही नको होतं. चर्चमधल्या ऑर्गनचे सूर, जुन्या हिंदी सिनेमातल्या पांढऱ्या साडीवालीची गाणी, किंचाळणारं मेटल, नुसत्या घरघरीचं इलेक्ट्रॉनिक. जेवताना ती एकेक ऐकवायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची. "बाबा, काटा आला?" मी मान हलवायचो, नाही. एकदा तिने संबळ लावला, तो मात्र मी तिथल्या तिथे बंद करायला लावला. आम्ही साताऱ्याकडचे, लग्नानंतर आमच्या घरी गोंधळ घालतात. "देवीचं आहे ते. भुतांच्या पार्टीत नाही वाजवायचं."

मला खरा काटा येत होता तो दुसऱ्याच आवाजाने. खालच्या मजल्यावर करावे गावातलं एक कुटुंब नुकतंच राहायला आलं होतं. दुपार कलली की बाथरूमच्या डक्टमधून एका म्हातारीचा आवाज वर यायचा. वाद्य नाही, ठेका नाही. एकच ओळ ती लांब ओढत न्यायची, मग कुणीतरी बारीक आवाजात तीच ओळ उचलायचं. शब्द कळत नव्हते. त्यांच्या दारात हळदीचे तांदूळ सांडलेले दिसले. लिफ्टमध्ये सुपं घेतलेल्या अनोळखी बायका भेटल्या, मला बघून गप्प झाल्या.

बायकोला म्हटलं, "खाली काहीतरी चालतं. देवऋषी वगैरे."

"तुम्हाला ना, दुसरे उद्योग नाहीत," ती म्हणाली. पण मी दाराबाहेर पाऊल टाकताना आधी जमिनीकडे बघू लागलो.

मग एका दुपारी डक्टच्या खिडकीशी मोबाइल धरून मी तो आवाज रेकॉर्ड केला. कमिटीला पुरावा म्हणून ऐकवायचा विचार होता. मुलीने तो ऐकला आणि हात पुढे करून उभे राहिलेले केस दाखवले. "कुठे मिळालं हे?"

"नेटवर," मी म्हणालो.

तिने तो जरा संथ केला, घुमवला आणि ऑर्गन आणि मेटलच्या मधे बसवला.

क्लबहाउसमधल्या पार्टीत तो लागला तेव्हा मुखवटे घातलेली पोरं मजेत किंचाळली. खालच्या घरातली सून हातातली प्लेट ठेवून थेट स्पीकरपाशी गेली.

"बंद कर हे! आमच्या आईंचा आवाज आहे. धवला आहे हा. लग्नात देवांना बोलवायला गातात. तुळशीचं लग्न झालं की माझ्या मुलीचं आहे, तिला शिकवतायत त्या." मग माझ्या मुलीला, "कुठून चोरलास गं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या ग्लासकडे बघितलं. आमची देवी मी पार्टीबाहेर ठेवली होती. त्यांचे देव मात्र भुतांत नेऊन बसवले होते.

त्यानंतर डक्ट गप्प झाला. मुलगी माझ्याशी बोलेना. माझा संशयी स्वभाव तरीही सुटेना. ते लोक कमिटीत तक्रार करतील की पोलिसात, हेच मनात घोळत राहिलं. शेवटी लिफ्टमध्ये खालच्या घरातली ती होणारी नवरी भेटली.

"आजी गात नाही आता," ती म्हणाली. "'माझ्या आवाजाला पोरं भूत समजली, मांडवात कशाला अपशकुन,' असं म्हणते. मला अजून अर्धाच येतो. धवल्याशिवाय आमच्यात हळद कशी लागणार, काका?"

संध्याकाळी मुलीला घेऊन खाली गेलो. म्हातारी लसूण सोलत बसली होती.

"या, या. भूत बघाला आलाव का?"

"आई!" सुनेने दटावलं.

'गैरसमज झाला' एवढं बोलून निघायचं असं मी घरून ठरवून आलो होतो. तिच्यासमोर बसल्यावर ते मलाच खोटं वाटलं.

"आजी," मी म्हणालो, "माझ्या मुलीने काही केलं नाही. तुमचा आवाज मी चोरून घेतला. तुम्ही करणी करता असं मला वाटत होतं, म्हणून घेतला. सगळ्यांसमोर गप्प बसलो तोही मीच. माझं चुकलं, मला माफ करा. आणि माझ्यापायी नातीच्या हळदीला गप्प राहू नका."