न सांगता सोडलेला हात

डॉक्टरांच्या केबिनबाहेर कंपनीचा माणूस बसला होता. हातात कृत्रिम गुडघ्याचा नमुना. आत बोलावणं येईपर्यंत तो उगाच गुडघा वाकवत होता, सरळ करत होता. सुरेख वाकत होता गुडघा, कुठे कुरकुर नाही. असाच गुडघा बॅगेत घेऊन दारोदार बसायची नोकरी मला त्याच्या कंपनीने देऊ केली आहे. पगार चांगला, फिरायला गाडी. उद्या कळवायचंय.

तेवढ्यात सुलभामावशींना चालवायची वेळ झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. पुढे वॉकर, कोपराखाली माझा हात.

"सोडू नकोस हं बाळा," त्या म्हणाल्या.

सगळेच असं म्हणतात. आम्ही फिजिओथेरपिस्ट "नाही सोडत" म्हणतो आणि माणूस सावरला की न सांगता हात काढून घेतो. त्याच्या लक्षात येईपर्यंत तो आपला आपण चालत असतो. हे बघायला मी अकरा वर्षं रोज येते आहे. बॅगेतल्या गुडघ्याला कसली भीती आणि कसलं पहिलं पाऊल?

सुनेबद्दल बोलत बोलत मावशी खिडकीपाशी पोचल्या. मान वळवून म्हणाल्या, "सोडलास होय गं?"

मी बरीच मागे उभी होते. हात मात्र त्यांच्या कोपराच्या उंचीवर तसाच धरलेला होता.