उजवीकडची पाकळी

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. आईला नाही, भावाला नाही. देवाला सांगायची गरजच नव्हती — तो तिथेच होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. बघू, जमतं का.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत. भावाची होडी, आई मासे विकायची, आणि मी कट्टा गावाकडच्या एका शाळेत शिक्षिका. घरात शिकलेली मी एकटीच. लग्न काही झालं नाही माझं. पण आमच्या घराला लोक ‘बाईंचं घर’ म्हणायचे, अर्ज लिहायला, कागद वाचून घ्यायला सगळी वाडी माझ्या पडवीत यायची. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, नको इतकं आवडायचं.

मग सुलभा आली. भावाची बायको, मिठबावची. बारावी झाली होती, पुढे शिकायचं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं. आली ती आईची माशांची टोपली डोक्यावर घेऊन कामाला लागली. कधी कुरकुर नाही.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मी घरी कॉम्प्युटर घेतला होता, टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेटही आलं होतं. त्यावर सुलभाला एका कॉलेजची माहिती मिळाली — धडे घरी बसून कॉम्प्युटरवर, बाहेर जायचं ते फक्त परीक्षेपुरतं. तिचे डोळे असे काही लकाकले की मीच म्हणाले, चल, शिकवते तुला. होय, मीच. सुरुवात माझीच होती.

तिची तयारी तुम्ही बघायला हवी होती. बाजारातून आली की लिंबाने हात चोळचोळून धुवायची, तरी वास राहिला असेल म्हणून कीबोर्डवर पातळ प्लॅस्टिक घालायची. आधी माउस हातात धरवत नव्हता, मग हळूहळू सगळ्या बोटांनी टाइप करायला लागली. खाऱ्या वाऱ्याने टेलिफोनची वायर गंजायची आणि ऐन वेळी लाइन जायची. तर लाइनमन काय करतो ते तिने नीट बघून ठेवलं आणि पुढे वायरीचं टोक स्वतःच खरवडायला लागली. वीज गेली तर धडा तुटू नये म्हणून भावाच्या मागे लागून यूपीएस आणवला. कॉलेजने प्रवेशाआधी बघायला ठेवलेला नमुन्याचा धडा अडखळत चालायचा, ती हेडफोन लावून पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायची. प्रवेशाच्या अर्जात काही प्रश्नही विचारले होते. बसायला ठरलेली जागा आहे का? अडलं तर स्वतःहून विचाराल का? घरात आधार कुणाचा? शेवटच्या प्रश्नाला तिने लिहिलं — माझ्या नणंदेचा. मी मागे उभी राहून वाचलं. त्या वेळी ते खरंच होतं.

मग काय बिघडलं? काहीच नाही हो. एक दिवस शाळेतून आले, तर शेजारची बाई पडवीतून हसत उतरत होती. तिचा अर्ज सुलभाने लिहून दिला होता, माझ्यापेक्षा नेटका. आता बाईंची वाट बघत बसायला नको, असं ती सहज म्हणाली. सहजच म्हणाली. पण मला ते असं झोंबलं की त्या रात्री मी धड जेवले नाही. एवढ्याशा गोष्टीने माणूस फिरतो? मी फिरले.

आईला हे शिक्षण पहिल्यापासून पसंत नव्हतं. सुनेने त्या कॉम्प्युटरच्या पेटीसमोर बसायचं आणि मासळी कोण विकणार? शेवटी तिने आमच्याकडची रीत काढली — देवाला कौल लावायचा. ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. “देवान उजवो कौल दिल्यान तर मी एक शब्द बोलूचंय नाय,” आई म्हणाली. आई शब्दाची पक्की होती.

प्रवेशाची मुदत संपत आलेली, आणि सुलभाची नेमकी अडचण आली, तिला देवळात जाता येईना. भाऊ समुद्रावर होता. म्हणून मी गेले.

म्हाताऱ्या गुरवाने पाकळ्या लावल्या, देवाला सांगणं केलं. आम्ही दोघंच होतो. मी मनात काय मागत होते ते... ते राहू दे. नाही, सांगते. डावी पडू दे म्हणत होते.

उजवी पडली. वेळसुद्धा लागला नाही. गुरव खूश झाला, मला प्रसाद दिला.

घरी आले तर सुलभा मागच्या दारी उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, “डावो पडलो.”

झालं, एवढंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ती रडली असती तर मी कदाचित कबूल केलं असतं. भांडली असती तरी. तिने नुसतं विचारलं, “देवाक माज्यात काय उणा दिसला आसतला, ताई?” मी म्हणाले, त्याची इच्छा, आपण काय बोलणार. मग तिने प्लॅस्टिक काढलं, धुऊन वाळत घातलं. मुदत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू, असं भाऊ म्हणाला, पण देवाला एकच गोष्ट दोनदा विचारायला ती तयार होईना. मीही ‘बरोबर आहे’ म्हणून मान हलवली. पोटात एक, ओठात एक.

गुरव कुठे बोलून जाईल या धास्तीने मी त्याला बघितलं की वाट बदलायची. त्या पावसाळ्यात तो वारला. कळलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं — वाईट नंतर वाटलं, आणि तेही थोडंच.

आणि सुलभा? ती स्वतःत खोट शोधत राहिली. कधी कुणाला तोडून बोलले का, सोवळं मोडलं का, माहेरचा कुठला नवस राहिला का. सोमवार धरले. गिऱ्हाइकाला मूठभर जास्त मासळी घालायला लागली, आई ओरडायची तरी. मी हे सगळं एकाच घरात राहून बघत होते.

जत्रेला ती नारळ घेऊन देवळात गेली. मी तिच्या शेजारी उभी होते, वाडीतली माणसं भोवती. गुरवाच्या मुलाने नारळ हातात घेतला आणि तिच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराकडना काय चुकला आसात, तर ता पोटात घाल, तिच्यार राग धरू नको रे म्हाराजा.”

सुलभाने डोळे मिटून हात जोडले होते. सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

त्यांच्याबरोबर मीही म्हणाले.